टँपा तळाला

अमेरिकेत पार्सिपनीतल्या त्या घराचं बेसमेंट मला भाड्यानं मिळालं ते माझी नोकरी बघून नाही. काकांनी दारातच विचारलं, "कुठली टीम?"

मला वाटलं ऑफिसातली विचारतायत. म्हटलं, "टेस्टिंग."

"ती नाही गं. बेसबॉलची."

"बेसबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, काका."

"उत्तम!" काका खूश झाले. "मागचा भाडेकरू बॉस्टनचा भक्त होता. माझं भाकीत ऐकलं की आठवडाभर माझ्याशी बोलायचा नाही. तू आण सामान."

मी नागपूरची, म्हणून त्या दिवसापासून माझं नावच 'नागपूर' पडलं. आईवडील तिकडून स्थळं पाठवत होते, मी इकडून ती नाकारत होते, आणि या भानगडीत मी त्या बेसमेंटमध्ये चांगली पाच वर्षं काढली. खरं सांगायचं तर हलावंसंच वाटलं नाही. असा घरमालक पुन्हा कुठे मिळणार होता बाप्पा!

काका मूळचे मिरजेचे. शिकायला म्हणून अमेरिकेत आले, पंप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर झाले आणि तिथूनच रिटायर झाले. बेसबॉलचं वेड पहिल्याच उन्हाळ्यात लागलेलं. ज्या बाईकडे खोली घेतली होती ती रोज संध्याकाळी पोर्चमध्ये रेडिओ लावून मॅच ऐकायची. "मला एक अक्षर कळत नव्हतं," काका सांगायचे, "पण घरात रोज कुणीतरी बोलतंय, याचंच बरं वाटायचं. बाकीचे खेळ म्हणजे सणासुदीचं जेवण. बेसबॉल म्हणजे आमटी-भात. रोज असतो." तेवढं बोलून ते चटकन एखाद्या पिचरच्या, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याच्या, खांद्याबद्दल बोलायला लागायचे.

पण नुसतं बघण्यात त्यांना रस नव्हता. सीझन सुरू होताना कुठली टीम कितवी येणार, कुणाला कुठलं बक्षीस मिळणार, हे सगळं आधी सांगून मोकळं व्हायचं आणि त्यावर मित्रांशी पैज लावायची, हा त्यांचा खरा छंद. आणि त्याचा मुहूर्त ठरलेला: गुढीपाडवा.

पाडव्याला मागच्या डेकच्या कठड्याला गुढी उभी राहायची. काठी म्हणजे गाडीवरचा बर्फ झाडायच्या ब्रशची दांडी. खण, गाठी आणि कडुनिंबाच्या वाळक्या पानांचं पाकीट आयसेलिनच्या देशी दुकानातून. मग काका-काकूंची दोस्तमंडळी जमायची. काकू गूळ-ओवा घालून केलेली कडुनिंबाची गोळी प्रत्येकाच्या हातावर ठेवायच्या, आणि काका घसा खाकरून वर्षफल वाचायला उभे राहायचे. आपल्याकडे भटजी पंचांग वाचताना सांगतात ना, या संवत्सराचा राजा कोण, सेनाधिपती कोण, मेघाधिपती कोण? अगदी तसंच. राजा म्हणजे सीझनचा सर्वोत्तम खेळाडू. सेनाधिपती म्हणजे सर्वोत्तम पिचर. आणि सगळ्यात जास्त होमरन मारणारा तो मेघाधिपती, कारण चेंडू ढगात धाडतो. वाचता वाचता हे सगळं भिंतीवरच्या पांढऱ्या बोर्डावर मार्करनं लिहायचं. मंडळी एकेका ओळीला हरकत घ्यायची, आणि हरकत घेतली की पैज लागली.

पैशाला मात्र सक्त मनाई. "पैसा लावला की जुगार, अंग लावलं की पैज," हे काकांचं वचन. हरणाऱ्यानं हिवाळ्यातल्या पहिल्या बर्फाला जिंकणाऱ्याचा ड्राइव्हवे साफ करायचा. त्यांचे एक मित्र हृदयरोगतज्ज्ञ होते, आम्ही त्यांना डॉक्टरकाका म्हणायचो. अख्खं हॉस्पिटल ज्यांच्यापुढे उभं राहायचं ते डॉक्टरकाका महागडा कोट घालून आमच्या दारात फावडं मारतायत आणि काका खिडकीतून चहाचा कप हलवत ओरडतायत, "कडेचं राहिलं, कडेचं!", हे मी डोळ्यांनी बघितलंय.

दुसरा नियम कडुनिंबाचा. गोळी तोंडात असताना जे बोललं ते फिरवायचं नाही. गिळल्यावर काय वाट्टेल ते बोला. हा नियम कुठल्या शास्त्रात आहे असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "मिरजेच्या."

पाडवा एप्रिलमध्ये आला की मोठी पंचाईत व्हायची, कारण सीझन आधीच सुरू झालेला असायचा. मग काका पाडव्यापर्यंत मौन पाळायचे. पेपर उघडायचा नाही, गाडीतला रेडिओ बंद, आणि दुकानात पेपरांच्या स्टँडपुढून खाली मान घालून जायचं, नव्या नवरीसारखं. मला म्हणायचे, "नागपूर, तुझ्या चेहऱ्यावरूनसुद्धा कळता कामा नये." मला तरी कुठे काय कळत होतं!

भाकितं खरी यायची का? निम्मी यायची. निम्मी फसायची. पण त्यांची पद्धत जगावेगळी होती. सगळे लोक बॅटिंग बघायचे, काका कॅचरचे गुडघे बघायचे. कॅचर बिचारा अख्खी मॅच बॅटवाल्याच्या मागे उकिडवा बसतो. तो उठतो कसा, हात टेकतो का, उठताना तोंड वाकडं करतो का, यावरून म्हणे टीमचा ऑगस्ट कसा जाणार ते कळतं. आणि स्वतःची अशी टीम त्यांना नव्हतीच. "आशा वेगळी, अंदाज वेगळा," ते बजावायचे. "अंदाजात आशा मिसळली की दूध नासलं."

एक भाकीत मात्र पाठ झालेलं. पूर्वेच्या गटात सगळ्यात खाली फ्लोरिडाची ती टँपाची टीम. जन्मापासून तळाला. एकदाच काय ती तळाची एक पायरी वर चढली, तर काका कितीतरी दिवस हळहळत होते, भाकीत बिघडवलं म्हणून. त्यामुळे वर्षफलाच्या शेवटी काका नुसतं "आणि…" म्हणायचे, आणि आरतीचं शेवटचं कडवं म्हणावं तशी सगळी मंडळी एका सुरात ओरडायची, "टँपा तळाला!"

काकूंना यातलं काही आवडत नसे, असं त्यांचं म्हणणं. त्या लायब्ररीत नोकरी करून रिटायर झालेल्या, बोलायला तिखट. "चाळीस वर्षं ऐकतेय मी हे," म्हणायच्या, "सासूचा जाच परवडला असता." पण त्यांचे गुडघे गेले होते. उजवा तर पारच. मी राहायला आले तेव्हा कठड्याला धरून जिना चढायच्या. मग तेही थांबलं. दोन हिवाळे स्वतःच्या घराचा वरचा मजला बघितलाच नव्हता त्यांनी. खालच्या खोलीत सोफ्यावर झोपायच्या. साड्या वर, शिवणाचं मशीन वर, आणि काका वरून निळी सांगितली की जांभळी घेऊन यायचे. वर मोठा पलंग रिकामा होता, पण काका तिथे झोपत नसत. सोफ्याशेजारच्या रिक्लायनरवर मान अवघडून झोपायचे.

ऑपरेशन करा, असं हाडांचा डॉक्टर कधीपासून सांगत होता. फार थांबलात तर मग आम्हालाही फारसं काही करता येणार नाही, असंही म्हणाला होता. पण काकूंच्या साताऱ्याच्या नणंदेनं गुडघा बदलला आणि ती पुन्हा चाललीच नाही. ते काकूंच्या मनात घट्ट बसलेलं. विषय निघाला की त्या उठून जायच्या. म्हणजे उठायचा प्रयत्न करायच्या. काका बघत राहायचे. "बघ कशी उठते," एकदा मला हळूच म्हणाले, "असा कॅचर असता तर मी ती टीम एप्रिलमध्येच सोडून दिली असती. पण हिला कशी सोडू?"

मग आला दोन हजार आठचा पाडवा. घर माणसांनी भरलेलं. काकांचं वाचन संपलं, "टँपा तळाला"चा गजर झाला, बोर्डावर लिहूनही झालं. काकू भिंतीला धरत धरत श्रीखंडाच्या वाट्या देत होत्या. डॉक्टरकाकांनी वाटी घेतली आणि म्हणाले, "वहिनी, गुडघ्याचं काय ठरलं?"

चारचौघांत विचारलेलं काकूंना खपलं नाही. "ठरलंय ना," त्या फणकारल्या. "तुमची ती टँपा पहिली येऊ दे. दुसऱ्या दिवशी जाते गुडघा कापून घ्यायला!"

काय हसले सगळे! सूर्य पश्चिमेला उगवला तर, म्हणतो ना आपण, तसंच ते. फक्त काका हसले नाहीत.

"तोंडात गोळी आहे तुझ्या," ते म्हणाले.

"आहे. मग?"

"मग लिहितो." आणि खरंच बोर्डाकडे वळून त्यांनी लिहिलं. मग काय सुचलं कोण जाणे, स्वतः एक गोळी तोंडात टाकली. "आणि टँपा पहिली नाही आली, तर मी गुडघ्याचा विषय पुन्हा काढणार नाही. आयुष्यात नाही."

डॉक्टरकाकांनी त्यांना ओढत स्वयंपाकघरात नेलं. "अरे, वेडबिड लागलंय का तुला? तळाला लिहिलीस तूच, आणि पैज लावतोस पहिली येणार म्हणून? आता बोलायचीसुद्धा सोय ठेवली नाहीस!" काका कडवट तोंडानं उभे होते. मलासुद्धा त्यांचा भयंकर राग आला. पैजेच्या नादात या माणसानं बायकोचे पाय घालवले, असंच वाटलं मला.

आणि मग ती टँपा जिंकायला लागली की हो!

एप्रिलमध्ये कुणी लक्ष दिलं नाही. "मार्च-एप्रिलमध्ये सगळेच शहाणे," काका म्हणाले. मे महिन्यात मात्र त्यांचा आवाज बदलला. स्वतः स्कोअर बघायचा त्यांना धीर होईना. सकाळी मी ऑफिसला जायच्या आधी लॅपटॉपवर बघून वर जायचं, आणि ते किटलीकडे तोंड करून विचारायचे, "नागपूर, टँपा?"

"जिंकली."

मग माझ्या चहात आलं जास्त पडायचं. हरली असेल तर नुसतंच पाणी. जन्मभर कुठल्या टीमची बाजू न घेतलेला हा माणूस, आपलंच भाकीत फसावं म्हणून देव पाण्यात घालून बसला होता. बोर्डावर त्यांच्याच अक्षरात 'टँपा तळाला' लिहिलेलं. पुसायचं नाही हा नियमही त्यांचाच. येता-जाता त्या भिंतीकडे बघायचंच बंद केलं त्यांनी. जुलैत टँपा ओळीनं हरायला लागली तेव्हा तर जेवणावरचं लक्ष उडालं. "दूध नासलं, नागपूर," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "नासू द्या काका. कलाकंद करू." तेव्हा कुठे हसले.

काकू या सगळ्यात हूं की चूं करत नव्हत्या. मला वाटायचं, घाबरल्यात.

गणपती आले. दीड दिवसाचा असायचा त्यांच्याकडे. दुपारी मी दूर्वांची जुडी घेऊन वर गेले. काका बाहेर गेले होते. काकूंना खाली बसता येत नव्हतं, म्हणून त्या खुर्चीची पाठ धरून गणपतीपुढे उभ्या होत्या आणि चक्क मोठ्यानं बोलत होत्या.

"इतकं केलंस, आता शेवटी घोळ घालू नकोस. त्या बॉस्टनवाल्यांना जरा आवर. मागोमाग आलेत अगदी."

माझ्या हातातून दूर्वाच पडल्या. "काकू!"

त्या दचकल्या. मग लाजल्या. त्यांना लाजताना मी पहिल्यांदाच बघितलं.

"तुम्हाला टँपा जिंकायला हवीय?"

"मग काय हरायला हवीय? वर माझी खोली आहे. नातीच्या बारशाला केलेली दुपटी आहेत वर, शिवणाचं मशीन आहे. मला काय हौस आहे सोफ्यावर झोपायची?"

"अहो मग हो म्हणायचं ना! एवढी पैज कशाला?"

काकूंनी खुर्चीवर बसून घेतलं. "हो म्हणवत नाही गं तोंडानं. मला भीती वाटते. भूल दिली की उठेन का, उठले तर चालेन का… रात्रंदिवस तेच डोक्यात. कुणीतरी माझ्याकडून हो म्हणवून घ्यायला पाहिजे होतं. टँपानं घेतलं तर घेतलं." मग बोट उगारून म्हणाल्या, "यांना सांगशील तर बघ. डोक्यावर चढून बसतील."

आता माझी काय गत झाली असेल सांगा! संध्याकाळी काका मला गॅरेजमध्ये गाठून विचारतात, "नागपूर, मी तिच्यावर जबरदस्ती तर करत नाहीये ना? खेळाखेळात तिला सुरीखाली ढकलतोय का मी?" आणि मला काही सांगायची सोय नाही. मी आपली, "बघू काका, अजून सीझन बाकी आहे," म्हणून निसटले.

सप्टेंबर संपत आला होता. एका सकाळी लॅपटॉप उघडला आणि जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत वर गेले. दोघं किचन टेबलाशी बसले होते.

"नागपूर, टँपा?"

"गटात पहिली आली, काका. आता कुणी गाठूच शकत नाही."

काकांनी कप खाली ठेवला. इतके महिने ज्याची वाट बघितली ते झालं, आणि यांचं तोंड उतरलं. काकूंकडे न बघता म्हणाले, "हे बघ, थट्टेतली पैज होती. चारचौघांत बोललीस, मी उगाच लिहिलं. मी सोडली ती. तुझ्यावर काही बंधन नाही."

"सोडली?" काकू कडाडल्या. "तुम्ही कोण सोडणारे? कडुनिंब मी खाल्लाय! वर्षानुवर्षं त्या डॉक्टरांकडून बर्फ उपसून घेतलात, तेव्हा नाही कुणाची पैज सोडलीत! उचला तो फोन आणि तारीख घ्या. आज घ्या. उद्या मला पुन्हा भीती वाटेल."

काकांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि ते सरळ रडायला लागले. काकू म्हणाल्या, "बघ, टीम हरली यांची." मीही हसत हसत रडत होते. तारीख मिळाली ऑक्टोबरच्या अखेरची. डॉक्टरकाकांना कळवलं तर त्यांचा पहिला प्रश्न, "टँपा तळाला म्हणाला होता ना? मग बर्फ झाडायला कधी येतोय?"

योगायोग बघा, ऑपरेशनच्या आदल्याच रात्री फायनल संपली. गट जिंकून टँपा थेट तिथवर पोचली होती, समोर फिलाडेल्फिया. मॅच मध्येच पावसात अडकून दोन दिवस तशीच लोंबकळत होती. काकू लवकर झोपल्या होत्या. सकाळी मी गाडी चालवत होते, मागच्या सीटवरून काकूंनी विचारलं, "काल काय झालं हो फायनलचं?"

"अजून पावसातच आहे," काका म्हणाले, आणि रेडिओ बंद करून टाकला.

मी आरशात बघितलं. टँपा हरली होती, आणि ते काकांना आणि मला माहीत होतं. स्कोअरच्या बाबतीत या माणसाला खोटं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं.

काकूंना आत नेण्याआधी सर्जन आला. तरुण, हसरा मुलगा. धीर द्यावा म्हणून म्हणाला की अशा ऑपरेशनचा सक्सेस रेट फार चांगला आहे, आमच्याकडे तर शंभरात… काकांनी हात वर केला. "नो नंबर्स, डॉक्टर. प्लीज." काकूंना आत नेलं. मग आम्ही बाहेर बसून राहिलो. काकांनी पेपर उघडला नाही, भिंतीवरच्या टीव्हीकडे बघितलं नाही. मी म्हटलं, "काका, सगळं नीट होणार बघा." ते म्हणाले, "आज काही सांगू नकोस, बाळ. नुसती बस माझ्याजवळ." मी त्यांचा हात धरून बसले.

सगळं नीट झालं. पुढे नाताळच्या आधी काकू स्वतःच्या पायांनी जिना चढल्या, कपाट उघडलं आणि काकांनी घालून ठेवलेला पसारा बघून तासभर बोलत होत्या. त्यानंतर दुसरा गुडघाही केला, पैजेशिवाय. पण ते नंतरचं.

त्या दुपारी आम्हाला आत सोडलं तेव्हा काकू नुकत्याच जाग्या झाल्या होत्या. तोंड सुकलेलं, आवाज बारीक. काकांनी त्यांचा हात हातात घेतला. पाय दुखतोय का, पाणी हवं का, काय काय विचारलं. काकूंनी मान हलवली.

"संपली का फायनल?"

"संपली," काका म्हणाले.

"कोण?"

काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं. "टँपा," ते म्हणाले. "तुझी टँपा जिंकली."

काकूंनी डोळे किलकिले केले. "खोटं. फिलाडेल्फिया जिंकली. मघाशी ती नर्स सांगून गेली. तिकडचीच आहे ती, नाचत होती नुसती."

काकांचा चेहरा असा झाला की मला वाटलं आता हे पुन्हा रडणार. काहीतरी बोलायला गेले, तेवढ्यात काकूंनी त्यांचं बोट दाबलं.

"अहो."

"काय?"

"पुन्हा म्हणा."

"टँपा जिंकली," काका म्हणाले.